घरची एक फेरी

“मॅडम, घरची एक फेरी मारली तर किती कटते?”

मयुराने संगणकावरची नजर काढून समोर पाहिलं. आनंदराव रामटेके खुर्चीच्या काठावर बसले होते, कुणी उठ म्हटलं की उठायच्या तयारीत. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि नखांच्या कडेला मोटारीच्या वॉर्निशचा काळा थर, जो कशानेच निघत नाही. दिघोरीला त्यांचं मोटर बांधायचं दुकान होतं. खेड्यांतून जळलेले पाण्याचे पंप आणायचे, आतली जळकी तार काढून नवी भरायची आणि पुन्हा नेऊन विहिरीत सोडून द्यायचे, हा धंदा. त्यांच्या इन्कम टॅक्सचं काम मयुराचे सासरे वामनराव बघायचे. वामनराव मागच्या दिवाळीत गेले आणि नागपूरच्या महाल भागातलं ऑफिस जुन्या गिऱ्हाइकांसकट सुनेच्या अंगावर पडलं.

“कसली फेरी, काका?”

“व्हॅनची. मिसेसले तिच्या माहेरी न्यायचं आहे, कुहीच्या पुढं. डॉक्टरनं हात टेकले मॅडम. म्हणे, आता खावंसं वाटंल ते खाऊ घाला, जावंसं वाटंल तिथं न्या.” “तिले मायचं घर पाहावंसं वाटते. तर म्हटलं, रिटर्न भराच्या आधी तुम्हाले विचारून घ्यावं. जे कटते ते कापून घ्या, माहं काही म्हणणं नाही. फक्त सगळी सूट जाऊ नये.”

मयुराला काही उलगडेना. “गाडी तुमची, बायको तुमची. त्यात मला काय विचारायचं?”

“गाडी धंद्याची आहे ना जी,” आनंदराव म्हणाले. लहान मुलाला समजवावं इतक्या सबुरीने म्हणाले.

आता ही गाडी इतकी धंद्याची कशी झाली, ते सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी आनंदरावांनी पांढरी व्हॅन घेतली, तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन ते याच ऑफिसात आले होते. वामनरावांनी पेढा तोंडात टाकला आणि सवयीने सल्ला दिला, “गाडी धंद्यात दाखवून टाकू, आनंदराव. गाडीची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्चात जाते, घसारा म्हणतात त्याला. पेट्रोल, दुरुस्ती, सगळंच खर्चात. तेवढा टॅक्स वाचतो. पण एक लक्षात ठेवा, गाडी निव्वळ धंद्याची पाहिजे. घरचा वापर नको.” मग त्यांनी एक कागद पुढे केला. सदर वाहन केवळ व्यवसायासाठी वापरले जाते, असं त्यावर छापलेलं होतं. आनंदरावांनी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि खाली सही केली.

दुसरा कुणी असता तर त्याच संध्याकाळी त्याच गाडीत बायकापोरांना कोंबून फुटाळ्याला भेळ खायला गेला असता. सारी दुनिया हेच करते. वामनरावांनीही हे वाक्य गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं असेल, आणि जिना उतरेपर्यंत प्रत्येक जण ते विसरला असेल. आनंदराव विसरले नाहीत. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली, ऐन विशीत, दीक्षा घेतली होती. गिरणीतला साधा कामगार, पण खोटं न बोलण्याचं चौथं शील त्याने असं घट्ट धरलं की घरात पोरांची धडगत नसे. सही म्हणजे हातानं बोलणं, असं तो म्हणायचा. तोंडानं खोटं बोललं तर माफी मागता येते, हातानं बोललेलं कागदावर राहते. रविवारी विहारात वंदनेला बसलं की चौथ्या शीलापाशी आनंदरावांच्या डोळ्यांपुढे अजूनही बापाचं तोंड यायचं.

तर सहीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाना घेतला आणि ड्रायव्हरच्या शेजारची सीट काढून टाकली. लांब पाइप सरळ मावतात, हे एक कारण होतंच. पण खरी गोष्ट अशी, की सीटच नाही म्हटल्यावर कुणी बसायचा प्रश्न उरत नाही. सीट तिच्या प्लास्टिकसकट माळ्यावर गेली.

त्यांची बायको जयवंता दारात उभी राहून बघत होती. “माय वं! मले बसवाचं नाही म्हणून सीटच काढली का जी?”

“सही केली आहे, जयवंता.”

“अन् लग्नात काय काय कबूल केलं, त्याचं काय?” म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

तिनेच गाडीचं नाव ठेवलं, सरकारची गाडी. संध्याकाळी व्हॅनचा आवाज आला की आतून ओरडायची, “सरकारची गाडी आली वं हर्षा, ताट घे.” पुढे वस्तीतही तेच नाव रूढ झालं. पण नावं ठेवली तरी नियम पाळला तिने नवऱ्याहून कडक. हर्षाला, त्यांच्या एकुलत्या एक पोरीला, डेंग्यू झाला तेव्हा अंगणातल्या व्हॅनला वळसा घालून ती पोरीला ऑटोत घालून घेऊन गेली. शेजारच्या भीमाबाईने विचारलं, “दारात गाडी असून ऑटो काहून वं?” तर ही ठसक्यात म्हणते, “ते टॅक्सची आहे.”

तिची माय गेली त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही. मे महिना होता. सकाळीच तिच्या भावाचा, नत्थूचा, फोन आला, मायचं काही खरं नाही, लवकर ये. आनंदराव तेव्हा तिकडेच निघाले होते, तिच्या गावाच्या अलीकडच्या शेतातली एक मोटर उचलायला. दिघोरीच्या स्टॉपवर जयवंता एसटीची वाट बघत उन्हात उभी दिसली. त्यांनी व्हॅन थांबवली. मागे जागा होती, पोतं अंथरून दिलं असतं तरी भागलं असतं. ती व्हॅनच्या दाराकडे बघत राहिली. आनंदरावांनी आपली पाण्याची बाटली खिडकीतून तिच्या हातात दिली.

“पाणी पी. बस येतेच आता,” म्हणाले, आणि निघून गेले.

पहिली बस भरून आली, थांबलीच नाही. दुसरी उशिरा आली. जयवंता गावी पोचली तेव्हा मायला अंगणात काढून ठेवलं होतं.

तिने या गोष्टीचा कधी शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. आनंदरावांना आतून घोर लागला. कितीदा वाटलं, झक मारली ती सही, सीट काढावी माळ्यावरून आणि बसवावी परत. पण आज बसवली तर मग त्या दिवशी काय झालं होतं, हा प्रश्न आ वासून उभा राहायचा. त्या दिवशी केलं ते बरोबर होतं म्हणायचं, तर पुढेही तसंच वागणं भाग होतं. आणि माणूस तसाच वागत राहिला.

हे सगळं काही त्यांनी मयुराला सांगितलं नाही. सहीचं सांगितलं, सीट काढल्याचं सांगितलं. तेवढ्यानेच तिचं तोंड उतरलं.

“काका, असं नसतं हो,” ती म्हणाली. “गाडी थोडी घरी वापरली तर टॅक्सवाले साहेब तेवढाच भाग कापतात. एका फेरीनं सगळी वजावट जात नाही. बहुतेक सगळ्यांच्या गाड्या घरी वापरल्याच जातात. आपण अंदाजे तेवढा हिस्सा सोडून बाकीचा खर्च दाखवतो.”

“म्हणजे बसवता येते?”

“बसवता येतं म्हणजे काय! केव्हाही येत होतं.”

आनंदराव मग हळूच म्हणाले, “बरं. मंग यंदा एवढा हिस्सा कापून टाका.”

मयुराने त्यांचं जुनं काम उघडलं. एक वर्ष पाहिलं, त्याच्या आधीचं पाहिलं, मग मागे मागे जात राहिली. सांगावं की गिळून टाकावं, असा विचार तिच्या मनात आला असणार, कारण उगीचच तिने पंखा वाढवला, चहा घेता का म्हणून विचारलं.

“काका, कापायला काही नाहीये,” शेवटी ती म्हणाली. “तुमचा गाडीचा खर्च बाबांनी कधी दाखवलाच नव्हता. घसाराही नाही, पेट्रोलही नाही. छोट्या धंदेवाल्यांसाठी एक सोपी पद्धत असते. जेवढा धंदा झाला त्याचा ठरावीक भाग नफा धरायचा आणि त्यावर टॅक्स भरायचा. मग कुठलाच खर्च वेगळा मागता येत नाही. गाडी आहे की नाही, हे कुणी विचारतसुद्धा नाही. पहिल्या वर्षापासून तुमचं तसंच भरलंय. तुम्हाला तेच सोयीचं होतं, बाबांनी चूक काही केली नाही.”

“अन् तो कागद?”

“फाइलमध्ये आहे. कुठे द्यायची वेळच आली नाही.”

“कोणी पाहिला नाही?”

मयुराने नकारार्थी मान हलवली.

आनंदराव टेबलाच्या काचेकडे बघत राहिले. त्यांनी आवाज चढवला असता, वामनरावांना दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मयुराला सोपं गेलं असतं. पण ते म्हणाले, “सांगाचं राहून गेलं असंल त्यायच्या. कामं बहुत असतात.”

“तुम्ही कधी विचारलं कसं नाही हो, काका?”

“काय विचारू, मॅडम? सही तर मी केली होती.”

खाली गल्लीत येऊन ते व्हॅनमध्ये बसले आणि चावी न लावता बसून राहिले. शेजारी सीटच्या जागी चार भोकं होती, त्यांत ग्रीस आणि माती भरून घट्ट झालेली. त्यांना राग आला, पण तो कुणावर काढायचा तेच कळेना. वामनराव गेलेले. सरकारने तर कधी काही विचारलंच नव्हतं. सरकारला त्यांच्या गाडीचं नखभर घेणंदेणं नव्हतं, आणि इथे दिघोरीच्या स्टॉपवर एक बाई उन्हात उभी होती. मागून ई-रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. “ओ काका, गाडी काढा ना, झोपले का?” आनंदरावांनी गाडी काढली.

घरी जयवंता खिडकीपाशी खाटेवर टेकून बसली होती. पोटातल्या गाठीने तिला पार वाळवून टाकलं होतं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. तोंड मात्र चालू होतं. भीमाबाई पायथ्याशी बसून तिचे पाय दाबत होती.

“झाला का जी रिटर्न? का नवीन बाईनं काही खोडी काढली?”

“झाला,” आनंदराव म्हणाले आणि चपला काढायला वाकले.

भीमाबाईला राहवलं नाही. “आग लागो तुमच्या त्या टॅक्सले! बाई एवढी खंगली, अन् दवाखान्यात नेता ऑटोनं. दारात गाडी उभी!”

“तू नको बोलू वं,” जयवंता म्हणाली. दम लागला, तरी थांबली नाही. “तुले त्यातलं समजत नाही. दुकानावर आमची चूल चालली. पोट्टी नर्स झाली ते कशावर? त्या वाचलेल्या टॅक्सावर. मी एवढे वर्ष एसटीनं हिंडली ते काय उगाच? तुह्या पोट्यानं गाडी घेतली अन् हिंडून हिंडून विकली. आमचं तसं नाही.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “सांगा ना जी तिले. मिळाली ना सूट यंदा बी?”

आनंदराव वाकलेलेच होते. त्यांनी वर पाहिलं. आजारपणात इतके दिवस ते तोंड मलूल होतं, आणि या घटकेला त्यावर केवढा रुबाब! शेजारणीला गप्प बसवल्याचा, आपण काहीतरी कमावून ठेवल्याचा रुबाब. जिच्याजवळ आता दुसरं काही उरलं नाही तिच्या हातातून हे कसं काढून घ्यायचं? मयुरामॅडमने जे सांगितलं ते सांगायला त्यांची जीभ उचलेना.

“मिळाली,” ते म्हणाले. “पूर्ण मिळाली.”

“पाह्य! ऐक, भीमाबाई!”

आनंदराव मोरीत गेले आणि नळ सोडून उभे राहिले. साठी जवळ आली, आतापर्यंत गिऱ्हाइकालासुद्धा ते कधी खोटं बोलले नव्हते. जुनी तार नवी म्हणून भरली नव्हती. आज बायकोशी खोटं बोलले आणि ते इतकं सहज निघालं याची त्यांना भीती वाटली.

दुपारी औषधाने जयवंताचा डोळा लागला तेव्हा त्यांनी माळ्यावरून सीट काढली. धूळ पुसली. प्लास्टिक पिवळं पडलं होतं, पण आतलं कापड कोरं करकरीत होतं. खिळ्याने भोकांतली माती उकरून काढली, तेल सोडलं आणि नट आवळले. काहीही होवो, उद्या ती या सीटवर बसून माहेरी जाईल, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं. हर्षाला फोन करून बोलावून घेतलं.

सकाळी हर्षाने आईला न्हाऊमाखू घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. दोघांनी धरून तिला अंगणात आणलं. व्हॅनचं दार उघडं होतं. जयवंताने सीटकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“हे काहून लावलं?”

“तुह्यासाठी. बस.”

“माय वं, कोरीच आहे का अजून?” तिने हात पुढे करून प्लास्टिकवरून बोटं फिरवली. जरा वेळ फिरवतच राहिली. मग हात मागे घेतला. “नाही जी. मी नाही बसत. सूट जाईन.”

“जात नाही. एका फेरीनं काही होत नाही, मॅडमनंच सांगतलं.”

“काल तर म्हटलं पूर्ण मिळाली. घरचा वापर नाही म्हणूनच मिळाली ना पूर्ण?”

आनंदरावांना घाम फुटला. हर्षा होती, भीमाबाई कुंपणापाशी येऊन उभी होती. पण आता मागे सरून चालणार नव्हतं.

“जयवंता, काल मी खोटं बोललो,” ते म्हणाले. “सूट मिळाली नाही. कधीच मिळाली नव्हती. वामनरावजीनं गाडी दाखवलीच नव्हती टॅक्समध्ये. तो कागद तसाच पडून आहे फाइलमध्ये. तू बसली असती तरी काही झालं नसतं. कधीच काही झालं नसतं. मी पागल, मी कोणाले विचारलं नाही.”

हर्षाने बापाकडे पाहिलं. “खरंच का, बाबा?” तिने विचारलं, आणि तिच्या आवाजातच कळलं की तिलाही हे खरं वाटत नव्हतं.

जयवंता हसायला लागली. हसताना पोटात कळ आली म्हणून हर्षाच्या खांद्याला धरलं, तरी हसत राहिली. “तुम्हाले खोटं बोलता येत नाही जी. एवढ्या वर्षांत नाही बोलले, अन् आता मले सीटवर बसवाले कथा जुळवून राहिले. घाम पाहा केवढा आला!”

“मॅडमले फोन लावून देतो. तू बोल तिच्याशी.”

“कायले? त्या बिचारीले कायले खोटं बोलाले लावता?”

“आई, बस ना वं,” हर्षा काकुळतीला आली. “तुझी तब्येत काय, एसटीचे धक्के काय! टॅक्सचं काय करायचं ते करू.”

“तू बी मिळाली त्यायले?” जयवंताचं हसू ओसरलं. ती व्हॅनच्या दाराला टेकली आणि दम खाऊन शांतपणे बोलली. “हे पाहा जी. तुमची सही होती, पण पाय माहे होते. उभी मी राहिली स्टॉपवर. माय गेली तेव्हा बी मी उभी राहिली, तुम्ही पाणी देऊन गेले. मी मनाले म्हटलं, आपल्या घराचं काम आहे हे, पोरीचं शिक्षण आहे यात. म्हणून सोसलं. आता शेवटच्या दिसाले मी तुमच्या गाडीत बसून ते सारं फुकट घालवू का?”

आनंदराव काय बोलणार होते? खरं होतं ते सांगून झालं होतं. आता दुसरं खरं कुठून आणणार?

“मी एसटीनं जाते. मले अर्धं तिकीट आहे,” जयवंता म्हणाली, आणि लगेच तिचा नेहमीचा चटपटीतपणा परत आला. “तुम्ही या मागून. नत्थूच्या वावरातली मोटर बंद पडली आहे, ते उचलून आणा. म्हणजे तुमची फेरी बी धंद्यात जाईन.” तिने हातातली कापडी पिशवी उचलून सीटवर ठेवली. “पिशवी ठेवते. पिशवीले काही नाही म्हणत सरकार.”

स्टॉप जवळच होता, तरी तिथवर जायला फार वेळ लागला. एका बाजूने हर्षा, दुसऱ्या बाजूने भीमाबाई. आनंदराव व्हॅन पहिल्या गिअरमध्ये टाकून त्यांच्या मागे मागे सरकत होते. सप्टेंबरचं ऊन, पाऊस ओसरल्यावर नागपुरात पडतं तसं, अंगाला चावत होतं. स्टॉपवरच्या पिंपळाखाली जयवंता भीमाबाईच्या अंगावर रेलून उभी राहिली. आनंदराव खाली उतरून तिच्या डोक्यावर सावली यावी असे उभे राहिले. तीही बहुधा तो मे महिनाच आठवत होती.

बस आली ती भरूनच आली. कंडक्टर “पुढची पकडा, पुढची पकडा” करत होता, पण जयवंताला पाहून त्याने घंटी मारली आणि स्वतः खाली उतरला. आनंदरावांनी बायकोला दोन्ही हातांनी उचललं आणि पायरीवर ठेवलं. तिला वजनच राहिलं नव्हतं. तिला उचलताना त्यांना वाटलं, असंच वळावं आणि व्हॅनमध्ये नेऊन बसवावं. ओरडली तर ओरडू द्यावी. पण तिने एक हात बसच्या दांड्याला घट्ट धरला होता. कुण्या पोराने खिडकीपाशी जागा दिली, हर्षा शेजारी उभी राहिली.

खिडकीतून जयवंताचा हात बाहेर आला. हातात पाण्याची बाटली होती.

“घ्या. पाणी प्या,” ती म्हणाली. “मी जातेच आता.”

हे ती रागाने बोलली नव्हती, टोमणा तर मुळीच नव्हता. ऊन होतं, नवरा घामेजला होता, म्हणून बोलली. आनंदरावांनी बाटली घेतली. बस निघाली तेव्हा ती समोर रस्त्याकडे बघत होती, माहेरी निघालेल्या बायका बघतात तशी.

ते व्हॅनपाशी आले. ज्यांना बसमध्ये शिरता आलं नाही ते चार-पाच जण पिंपळाखाली ताटकळत होते. त्यातला एक, खताची थैली पायाशी ठेवलेला, व्हॅनमध्ये डोकावला. “कुहीकडे का काका? सीट खाली दिसून राहिली. घ्या ना मले.”

आनंदरावांनी दाराला हात लावला. किती साधी गोष्ट होती! त्या माणसाला बसवलं असतं तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. कालपासून ते हे जाणून होते.

“नाही गा,” ते म्हणाले. “गाडी धंद्याची आहे.”

ते आत बसले. वळणावर पिशवी घसरून खाली पडू नये म्हणून त्यांनी पट्टा ओढून तिच्यावरून लावला, बाटली तिच्या कडेला ठेवली, आणि बसच्या मागे गाडी घातली.